सहा भाडेकरू, एक गृहकर्ज आणि डिपॉझिटचा हिशेब

ओसरी

स्वतःच्या प्लॉटवर दोन-तीन मजले चढवायचे, खाली आपण राहायचे आणि वरचे फ्लॅट भाड्याने द्यायचे, असा विचार करणाऱ्या तिघांनी गेल्या महिन्यात मला निरोप पाठवून खर्चाचा आणि कर्जाचा तपशील विचारला. प्रत्येकाला वेगळे उत्तर देण्यापेक्षा सगळे आकडे इथेच मांडते, म्हणजे ज्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते त्यांना त्यातल्या चुकाही दाखवता येतील.

पुण्यात कर्वेनगरला वडिलांचा प्लॉट होता आणि त्यावर आमचे बैठे घर होते. २०१६-१७ मध्ये ते पाडून आम्ही तळमजला अधिक दोन मजले असे सुमारे ३,६०० चौरस फूट बांधकाम केले. तळमजल्यावर आम्ही राहतो आणि वरच्या दोन मजल्यांवर प्रत्येकी तीन असे सहा लहान वन बीएचके आहेत. बांधकामाला ५४ लाख रुपये लागले. त्यांपैकी १४ लाख साठवलेले होते आणि ४० लाखांचे गृहकर्ज होते, २० वर्षांसाठी, ९ टक्के बदलत्या व्याजदराने. महिन्याचा हप्ता ३५,९८९ रुपये. फ्लॅटचे भाडे प्रत्येकी १२,००० रुपये, म्हणजे महिन्याला ७२,००० येणार आणि हप्ता भरून जवळजवळ हप्त्याएवढेच हातात उरणार, अशी आमची समजूत होती. घरातल्या कोणालाही त्यात काही चुकीचे दिसले नाही.

पहिल्या पूर्ण वर्षाचा प्रत्यक्ष जमाखर्च असा निघाला. कागदावरचे भाडे ८,६४,०००. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत रंगकाम, साफसफाई आणि शोधाशोध यांत फ्लॅटमागे सरासरी एक महिना गेला, म्हणजे ७२,००० रुपये आलेच नाहीत. महापालिकेचा मिळकतकर ६०,०००. इथे हे सांगायला हवे की पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला ४० टक्के सवलत मिळते, भाड्याने दिलेल्या भागाला ती मिळत नाही. जिन्यातले दिवे, पाण्याची मोटर, झाडलोट आणि टाकीची सफाई मिळून ४८,०००. दुरुस्त्या आणि रंग ९०,०००. कर्जाचे हप्ते ४,३२,०००. हे सगळे वजा जाता १,६२,००० रुपये उरले आणि त्यांतून भाड्यावरचा प्राप्तिकर सुमारे ८५,००० रुपये भरावा लागला. वर्षाअखेरीस हातात राहिले ७७,०००. महिन्याला ३६,००० सुटतील असे ज्यांना वाटत होते, त्यांना साडेसहा हजारांच्या आसपास सुटत होते.

तरीही इमारत आपला खर्च आपण भागवत होती आणि कर्ज फिटत होते, म्हणून मी या आकड्यांकडे कधी काळजीने पाहिले नाही. खरी चूक दुसरीकडे झाली होती. सहा भाडेकरूंकडून प्रत्येकी ४०,००० प्रमाणे २,४०,००० रुपये डिपॉझिट आले होते आणि बांधकामाच्या शेवटी पैसे कमी पडले तेव्हा आम्ही ते कंपाउंडची भिंत आणि पार्किंगचे पेव्हर ब्लॉक यांत घातले. एक भाडेकरू गेला की त्याचे डिपॉझिट नव्याच्या डिपॉझिटमधून परत करायचे, हे चक्र अडीच वर्षे सुरळीत चालले, त्यामुळे ते पैसे आपल्याकडे नाहीत हे आम्ही विसरूनच गेलो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. चार फ्लॅटमध्ये विद्यार्थी आणि नुकतीच नोकरी लागलेली मुले होती. मे-जूनपर्यंत चौघांनीही नोटीस देऊन घरे सोडली आणि त्यांचे १,६०,००० रुपये परत करायची वेळ आली, तेव्हा नवा भाडेकरू येण्याची काही शक्यताच नव्हती. रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली होती. ती आम्ही तीन महिन्यांसाठी घेतली आणि ते पैसे मुलांना परत केले. मुभा घेतली तरी व्याज थांबत नाही, हे मला माहीत होते, पण त्याचा अर्थ बँकेचा नवा तक्ता हातात आल्यावर कळला. कर्जाची शिल्लक तेव्हा ३८ लाखांच्या घरात होती, तीन महिन्यांचे सुमारे ८६,००० रुपये व्याज मुद्दलात मिळवले गेले आणि त्या दराने २४० हप्त्यांचे २५२ झाले. तीन हप्ते टाळले आणि बारा वाढले. डिपॉझिटची रक्कम मुदतठेवीत पडून असती, तर यांतला एकही वाढला नसता.

म्हणून जे तिघे विचारत होते त्यांना माझे पहिले सांगणे हे आहे की डिपॉझिट हे कोणत्याही दिवशी परत मागितले जाऊ शकणारे कर्ज आहे. ते घराच्या हिशेबात उत्पन्न म्हणून धरू नका आणि बांधकामात तर मुळीच घालू नका. दुसरे असे की भाडे बारा महिन्यांचे न धरता नऊ महिन्यांचे धरा आणि त्या भाड्याची दरमहा सरासरी जेवढी येईल, तिच्या निम्म्याहून जास्त हप्ता होऊ देऊ नका. माझ्या बाबतीत ही सरासरी ५४,००० आणि तिचे निम्मे २७,००० होते. तेवढ्या हप्त्यात ३० लाख बसतात. मी ४० घेतले होते.

उंबरठा

ताई, इतके उघड आकडे दिल्याबद्दल मनापासून आभार. निरोप पाठवणाऱ्या तिघांपैकी मी एक. नाशिकला आमचा बिनशेती प्लॉट आहे, त्यावर तळमजल्यावर दोन आणि पहिल्या मजल्यावर दोन अशी चार घरे भाड्यासाठी बांधायची आहेत. इथे एका घराला ९,००० रुपये भाडे सहज मिळेल. एकूण खर्च ३५ लाख आहे आणि २५ लाख कर्ज काढायचा विचार आहे. बँक त्याहून जास्त द्यायलाही तयार आहे. माझा प्रश्न असा की मुंबईत चालते तसे जास्त डिपॉझिट घेऊन भाडे कमी ठेवले, तर कर्जच कमी काढावे लागेल आणि व्याज वाचेल. हे तुमच्या सांगण्याच्या अगदी उलट आहे, म्हणून विचारतो.

ओसरी

व्याज वाचेल हे खरे आहे, पण धोका वाढेल. बँक तुम्हाला २० वर्षांची मुदत देते आणि हप्ता वेळेवर भरत असाल तर मध्येच सगळे मुद्दल मागत नाही. समजा घरामागे पाच लाख डिपॉझिट घेतलेत, तर भाडेकरू मात्र महिन्याच्या नोटिशीवर ते पाच लाख मागू शकतो, आणि त्याला ते मागण्याचा पूर्ण हक्क आहे. शिवाय भाडे कमी ठेवल्यामुळे ती रक्कम परत करण्यासाठी दरमहा बाजूला काढायलाही काही उरत नाही. चार घरांचे वीस लाख अशा रीतीने डोक्यावर ठेवून रात्री झोप लागणार नाही, हे मी दीड लाखाच्या अनुभवावरून सांगते.

बँक जास्त द्यायला तयार आहे, यावरूनही काही ठरवू नका. गृहकर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर मूल्याच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के ही रिझर्व्ह बँकेने बँकांना घातलेली कमाल मर्यादा आहे. ते आपल्या कुवतीचे माप नाही. माझ्या बँकेने होणारे भाडे उत्पन्नात धरलेच नव्हते, माझ्या पगारावर कर्ज मंजूर केले. तेव्हा ते मला अन्यायाचे वाटले होते. २०२० मध्ये पगार होता म्हणून चौथ्या महिन्यापासून हप्ता भरता आला.

सनद

मी दिवाणी वकिली करतो आणि भाड्याच्या वादांत वर्षातला बराच काळ जातो, म्हणून कराराविषयी लिहितो. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, नोटरी पुरेशी आहे, हा समज महाराष्ट्रात सर्वत्र पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. ३१ मार्च २००० पासून लागू असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी घरमालकावर टाकलेली आहे. नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. याखेरीज तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षाही त्यात आहे.

नोंदणीचा खर्च पाहिला तर लोक ती का टाळतात, हे मला आजही समजत नाही. एकूण मुदतीचे भाडे, अधिक परत करण्याच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी येणारे व्याज, यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क लागते. नोंदणी फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये आहे. ओसरीताईंच्या १२,००० भाडे आणि ४०,००० डिपॉझिटच्या फ्लॅटचा तीन वर्षांचा करार केला, तर ही बेरीज ४,४४,००० होते आणि शुल्क १,११० रुपये. आधार आणि अंगठ्याचा ठसा घेऊन हे काम घरबसल्या ऑनलाइन होते.

नोंदणीचा खरा लाभ मुदत संपल्यावर दिसतो. भाडेकरू घर सोडत नसेल तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. दिवाणी न्यायालयातल्या नेहमीच्या दाव्याहून हा मार्ग जवळचा आहे, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाईही मागता येते. या ऐवजी कुलूप बदलणे, पाणी तोडणे, सामान बाहेर काढणे असले काही केले, की बरोबर असलेला मालकच आरोपी होऊन माझ्यासमोर बसतो. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायलाही विसरू नये.

बिऱ्हाड

मी घरमालक नाही. नोकरीमुळे अकरा वर्षांत सात घरे बदललेला भाडेकरू आहे, पण हा धागा वाचून लिहावेसे वाटले. सातपैकी चार ठिकाणी डिपॉझिट पूर्ण परत मिळाले नाही. दर वेळी कारण रंगाचे आणि ‘झीज’ या शब्दाचे होते. एका घरात तर आम्ही राहायला येण्यापूर्वीपासून असलेल्या ओलीच्या डागाचे पैसे कापले, आणि तो डाग आधीचा होता हे दाखवायला माझ्याकडे काही नव्हते. डिपॉझिट हे भाडेकरूकडून घेतलेले कर्ज आहे, असे एका घरमालकीणबाईंनी लिहिलेले मी पहिल्यांदा वाचतो आहे. घर बदलणाऱ्या माणसाला नव्या घराचे डिपॉझिट आधी भरावे लागते आणि जुन्याचे नंतर मिळते. मधले पंधरा दिवस कोणाकडे तरी उसने मागण्यात जातात, हेही मालकांनी लक्षात घ्यावे.

ओसरी

तुमचे लिहिणे वाचून वाईट वाटले. आमच्याकडेही पहिल्या दोन वर्षांत रंगाचे पैसे कापले गेले, कारण ‘सगळे तसेच करतात’ असे एजंटने सांगितले होते. आता राहायला येण्याच्या दिवशी भाडेकरू आणि मी मिळून प्रत्येक भिंतीचे, सिंकखालच्या भागाचे, बाथरूमच्या फरशीचे आणि मीटरच्या आकड्याचे फोटो काढतो आणि ते त्याच दिवशी दोघांच्या फोनवर राहतात. दोन वर्षांहून जास्त राहिलेल्या माणसाकडून रंगाचे पैसे घेत नाही, कारण तेवढ्या काळात रंग जुना होणारच. भाडेकरूने किल्ली परत दिली की त्याच दिवशी डिपॉझिट त्याच्या बँक खात्यात पाठवते. ते मुदतठेवीत असल्यामुळेच हे शक्य होते.

ओलीचा विषय निघाला म्हणून एक अनुभव सविस्तर सांगते. २०१८ च्या पावसाळ्यात पहिल्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघराच्या छताला ताटाएवढा डाग पडला. पाऊस असल्यामुळे सगळ्यांनी गच्चीला दोष दिला, आणि मीही गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा (पाणी अडवणारा विटांच्या तुकड्यांचा थर) उखडायला निघाले होते, जरी मध्ये एक अख्खा मजला होता. दिवाळीनंतर ऊन तापले तरी डाग वाळेना, उलट सकाळी ओला आणि दुपारी कोरडा दिसू लागला. तेव्हा एका वयस्कर प्लंबरने वरच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपचे (सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचे) तोंड बंद करून त्यात पाणी भरून ठेवले आणि तासाभरात पातळी बोटभर खाली गेली. ट्रॅप आणि फरशी यांच्यामधला सांधा उघडा पडला होता, वरचे लोक सकाळी आंघोळी करत आणि खाली डाग ओला होई. काम १४,००० रुपयांत झाले. कोबा उखडला असता तर लाखाच्या वर खर्च होऊन गळती तशीच राहिली असती.

विजेच्या मीटरचीही अशीच गोष्ट आहे. सुरुवातीला वरच्या सहा घरांना मिळून एकच मीटर घेतले होते आणि आत सबमीटर बसवले होते. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो, पहिल्या १०० युनिटना सगळ्यात कमी आणि ५०० च्या पुढे सगळ्यात जास्त. प्रत्येक घर महिन्याला नव्वदच्या आसपास युनिट वापरत होते, पण मीटरवर ५४० दिसत, त्यामुळे काटकसरीने राहणारी मुले विनाकारण वरच्या टप्प्यांचे पैसे भरत होती. सहा स्वतंत्र मीटर घेतले तेव्हा बिलाचे वाद कायमचे मिटले.

ताळेबंद

सनदी लेखापाल म्हणून कराविषयी थोडे. ओसरीताईंचा ८५,००० चा आकडा बरोबर आहे, पण तो कसा आला हे कळणे जरुरीचे आहे. मिळालेले भाडे ७,९२,०००, त्यातून भरलेला मिळकतकर ६०,००० वजा केला की ७,३२,००० राहतात. त्यावर ३० टक्के, म्हणजे २,१९,६०० रुपये, सरसकट वजावट मिळते. प्रत्यक्ष दुरुस्ती ९०,००० झाली काय किंवा तीन लाख झाली काय, या ३० टक्क्यांत बदल होत नाही, आणि घरमालकांना सगळ्यात जास्त आश्चर्य याचेच वाटते.

त्यानंतर व्याज. पहिल्या वर्षी भरलेल्या ४,३२,००० पैकी सुमारे ३,५७,००० व्याज आहे, पण इमारतीचा एक तृतीयांश भाग त्या स्वतः वापरतात, म्हणून भाड्याच्या उत्पन्नातून दोन तृतीयांश, म्हणजे २,३८,००० रुपयेच वजा होतात. करपात्र उत्पन्न २,७४,४०० आणि त्यावर ३० टक्के दर अधिक उपकर. पुढे व्याज दरवर्षी घटते आणि भाडे वाढते, त्यामुळे हा कर वाढतच जातो. कर्ज फिटत आले की सगळे आपलेच, असे समजू नये.

भाड्याने दिलेल्या घराच्या व्याजाला रकमेची मर्यादा नाही, पण तोटा झाला तर जुन्या करप्रणालीत पगारासारख्या इतर उत्पन्नातून वर्षाला २ लाखांपर्यंतच वजा करता येतो आणि नव्या प्रणालीत अजिबात नाही. जास्त कर्ज काढून कर वाचवू, या सल्ल्याला आता फारसा अर्थ उरलेला नाही. तसेच निवासी घराचे भाडे धंद्याचे उत्पन्न म्हणून दाखवून सगळे खर्च वजा करण्याची वाट जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने बंद केली आहे.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत राहतो आणि तीन घरांच्या एका इमारतीत स्वतः राहून उरलेली दोन घरे भाड्याने देतो. ओसरीताईंचा नऊ महिन्यांचा नियम वाचून लिहावेसे वाटले, कारण इथे तो जवळजवळ तसाच सरकारी नियम आहे. अमेरिकेत चार घरांपर्यंतच्या इमारतीत मालक स्वतः राहणार असेल तर एफएचए या सरकारी गृहसंस्थेच्या हमीवर अवघे ३.५ टक्के स्वतःचे घालून कर्ज मिळू शकते. मात्र इमारत तीन किंवा चार घरांची असेल, तर सगळ्या घरांच्या बाजारभावाच्या भाड्यातून किमान २५ टक्के आधीच कापतात आणि उरलेल्या ७५ टक्क्यांत हप्ता, मालमत्ता कर आणि विमा बसला पाहिजे. माझा पहिला अर्ज याच कसोटीवर नाकारला गेला होता. त्या वेळी राग आला, पण दोन वर्षांनी एक घर चार महिने रिकामे राहिले तेव्हा तो राग गेला.

डिपॉझिटच्या बाबतीत न्यू जर्सीचा कायदा ताईंच्या मताचा आहे. दीड महिन्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, ते व्याज देणाऱ्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागते आणि घर सोडल्यावर ३० दिवसांत हिशेबासह परत करावे लागते.

उंबरठा

सगळ्यांचे वाचून काल रात्री पत्नीबरोबर हिशेबाला बसलो. चार घरांचे महिन्याचे भाडे ३६,०००, नऊ महिन्यांच्या हिशेबाने सरासरी २७,००० आणि निम्मे १३,५००. ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी एवढ्या हप्त्यात १५ लाखच बसतात. २५ लाखांचा हप्ता २२,५०० च्या आसपास जातो. दहा लाखांची तूट आहे. आता विचार सोडून द्यावा का?

ओसरी

सोडू नका, दोन टप्प्यांत करा. व्याजदर आज कमी असला तरी हिशेब ९ टक्क्यांनीच ठेवलात, हे चांगले केलेत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा माझा हप्ता तेवढाच राहिला आणि मुदत गुपचूप लांबली होती. बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडीचा दंड नाही, म्हणून रिकाम्या महिन्यांसाठी ठेवलेले पैसे ज्या वर्षी उरतील, त्या वर्षी ते मुद्दलात भरा.

नकाशा दोन्ही मजल्यांचा मंजूर करून घ्या. पाया आणि कॉलम दोन मजल्यांच्या वजनाचे करा, यात काटकसर नको. पण आता फक्त तळमजल्यावरची दोन घरे बांधा. तेवढ्यासाठी १५ लाखांहूनही कमी कर्ज लागेल. बँक पैसे प्लिंथ (जोते), स्लॅब अशा टप्प्यांवर आर्किटेक्टचा दाखला पाहून देते, तोपर्यंत ठेकेदाराला देण्यासाठी दोन-तीन लाख स्वतःचे मोकळे ठेवा. दोन्ही घरांचे डिपॉझिट आले की त्याच दिवशी मुदतठेव करा. तीन-चार वर्षे भाडे कसे येते ते पाहून वरचा मजला चढवा. आणि गच्चीवर कॉलमच्या ज्या सळ्या पुढच्या मजल्यासाठी सोडाल, त्यांना सिमेंटची स्लरी लावून वर कमी सिमेंटचे कच्चे काँक्रीट घालून झाकून घ्या. आमच्या शेजाऱ्यांनी त्या चार पावसाळे उघड्या ठेवल्या होत्या आणि मजला चढवताना स्लॅबपर्यंत फोडून नव्याने बसवाव्या लागल्या.